चार टाके

सोमवार, ३ तारीख

नवी नोकरी, नवी खोली आणि ही नवी वही. तिन्ही एकाच दिवशी हाती आल्या, म्हणून आज मी स्वतःवर खूश आहे.

दुकान छोटं आहे. पुढे काउंटर, मोठा आरसा आणि कपडे घालून बघायला एक पडदा. मागे तीन शिलाई मशीन आणि इस्त्रीचं टेबल. इथे नवं काही शिवत नाहीत, एकाचे कपडे उसवून दुसऱ्याच्या मापाचे करून देतात. मालकीणबाईंना सगळे मावशी म्हणतात, संध्याकाळपर्यंत मीही म्हणायला लागले. त्यांनी परीक्षा म्हणून एक कॉलर उसवायला दिली, चष्मा नाकावर ओढून एकेक टाका तपासला आणि म्हणाल्या की हात बरा आहे, घाई मात्र फार. इस्त्रीवाले काका म्हणाले, खूश हो, माझ्या इस्त्रीला बरं म्हणायला यांनी अकरा वर्षं घेतली.

माझ्या एका खोडीवर दोघंही हसले. कोट तयार झाला की मी तो स्वतःच्या अंगात चढवून बघते, खांदा कसा बसतो ते. वीस वर्षांची सवय आहे, हात आपोआप बाह्यांत जातात. मावशी म्हणाल्या, त्यासाठी पुतळा ठेवलाय, तू कशाला पुतळा होतेस.

राहायला दुकानावरचीच खोली आहे. खिडकी रस्त्याकडे उघडते आणि समोर हिरव्या दाराचं घर दिसतं. खरं सांगायचं तर नोकरीचा अर्ज मी या खिडकीसाठीच केला होता.

मंगळवार, ४ तारीख

इथे येणारे कपडे बहुतेक गेलेल्या माणसांचे असतात. आज एक मुलगी वडिलांचं जाकीट घेऊन आली, तिला ते स्वतःला घालायचं होतं. मावशींनी माप घेतलं आणि सगळी शिवण उसवली. जिथे काही बदलायचं नव्हतं, तिथलीसुद्धा. काम दुप्पट. पण जुना धागा नव्या शिवणीत राहू द्यायचा नाही, हा त्यांचा कायदा आहे. निघालेले धागे मावशी एका बशीत घालून खिडकीत ठेवतात आणि चिमण्या ते घरट्यासाठी नेतात. मी म्हटलं, वा, म्हणजे चिमण्याही आपल्या गिऱ्हाईक. मावशी हसल्या नाहीत. कापड राहिलेल्याचं, धागा गेलेल्याचा, एवढंच म्हणाल्या.

त्या स्वतः मुलाचा शर्ट घालतात. तो गेल्यावर वर्षभर त्या शर्टाशेजारी नुसत्या बसून होत्या. ज्या दिवशी उसवला, त्या दिवशी पहिल्यांदा भूक लागली, असं त्यांनी सांगितलं. मग माझं कोणी गेलंय का, असं विचारलं. मी नाही म्हटलं.

बॅगेत धाकटीचा निळा ॲप्रन आहे. धाकटी म्हणजे माझी बहीण. कारखान्यात पाकिटं भरायची. मुली वेळेआधी बाहेर पडतात म्हणून तिथल्या सुपरवायझरनं दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि जेवायला निघून गेला. आग लहान होती, धूर लहान नव्हता. चौकशीत असं ठरलं की उष्णतेनं कुलूप अडकलं असावं. दोष कुलपाचा निघाला, माणसाचा नाही. तो माणूस हिरव्या दारामागे राहतो. या वहीत मी त्याला कुलूपच म्हणणार.

शुक्रवार, ७ तारीख

मावशी दुपारच्या झोपल्या होत्या तेव्हा काकांनी त्या कायद्यामागची हकिकत सांगितली. पूर्वी एका कारागिरानं आळसापोटी एका कोटात जुनी शिवण तशीच ठेवली. कोटाचा मूळ मालक शेवटी गुडघ्यांनी गेला होता, उठताच येत नव्हतं. मुलानं तो कोट घातला आणि आठ दिवसांत खुर्चीला खिळला. कोट काढून ठेवला तरी उठेना. मावशींनी तो धागा न् धागा उसवला, तेव्हा कुठे चालायला लागला. काका म्हणाले, धाग्याला शेवटचं माप आठवतं.

मी हसले. मग जेवताना हसले नाही. मग वर जाऊन ॲप्रन बाहेर काढला. अजून धुराचा वास येतो त्याला.

मंगळवार, ११ तारीख

कुलूप आज स्वतःच्या पायांनी दुकानात आला. हातात करड्या रंगाचा कोट. शनिवारी धाकट्या लेकीच्या शाळेत कार्यक्रम आहे म्हणे आणि कोट बसत नाही. माणूस सुटलाय. माझी बहीण मातीत गेली आणि याचं पोट सुटलंय.

टेप मीच धरली. छाती बेचाळीस. मला ओळखायचं त्याला कारणच नव्हतं, चौकशीच्या वेळी त्यानं मान वर केलीच नव्हती. अगदी गोड बोलला. म्हणाला, ताई, जरा ढिला करा, यात श्वास घेता येत नाही.

मी म्हटलं, करते की.

बुधवार, १२ तारीख

मावशी बाजारात, काका जेवायला. ॲप्रनची एक बाजू उसवली. पांढरा धागा करडा होऊन निघाला, दोन हात लांब. त्याच्या कोटाची पाठ मी त्याच धाग्यानं शिवली, अस्तराच्या आतून, बारीक टाका. आयुष्यात इतकी सरळ शिवण घातली नव्हती. मावशींनी तपासली असती तर बरी म्हणाल्या असत्या.

मग कोट अंगात घालून आरशात पाहिलं. खांदा छान बसलाय.

शुक्रवार, १४ तारीख

कोट त्यानं परवा संध्याकाळीच नेला, काल सकाळी तो घालून कामाला निघाला. कोपऱ्यावर थांबला. भिंतीला हात टेकून खोकला, बराच वेळ.

आज काका बातमी घेऊन आले. समोरचे साहेब कामावरून अर्ध्या दिवसात परतले. घरातली सगळी दारं-खिडक्या उघडायला लावलीत, तरी दार उघडा, दार उघडा म्हणतात. उघड्या दारावर आतून मुठी आपटतात. बायको बिचारी रडवेली झालीय. काका हळहळले. मी चहाबरोबर चार बिस्किटं खाल्ली. वर्षभरात पहिल्यांदा मला चव लागली.

दया आली का? नाही. खोटं कशाला लिहू?

मला थोडा खोकला आहे. कापसाची धूळ असणार.

रविवार, १६ तारीख

ब्लाउज छातीवर ढिला पडलाय. छत्तीसचा, माझा मीच शिवलेला. छातीला टेप लावली. तेहतीस. परत लावली. तेहतीस.

कालच्या कार्यक्रमाला तो गेला होता, खोकत, लेकीच्या हौसेसाठी. येताना मी खिडकीतच होते. गार वारा होता. त्यानं कोट काढला आणि धाकटीच्या — त्याच्या धाकटीच्या — अंगावर घातला, बाह्या घालून, बटणं लावून. सात-आठ वर्षांची असेल. कोट पार घोट्यापर्यंत. ती हसत होती.

मी खिडकी ठोठावायला हात उचलला होता. ठोठावली नाही.

सोमवार, १७ तारीख

एकतीस.

दुपारी मशीनवर बसले असताना मागून ताई म्हणून हाक आली. माझ्या धाकटीचीच. वळले तर पुतळा.

आगीच्या दिवशी तिचा फोन आला होता मला. मी कॉलर लावत होते. म्हटलं, एवढी कॉलर होऊ दे, मग करते. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

मंगळवार, १८ तारीख, दुपार

त्याची थोरली आली, बाराएक वर्षांची. कोट काउंटरवर ठेवला. म्हणाली, बाबा सांगतात हा कोट घातल्यापासूनच सगळं सुरू झालं, एकदा तपासून बघा, ताई. तिची धाकटी निळी पडलीय, डॉक्टरांना कारण सापडत नाही, छाती आवळल्यासारखी झालीय म्हणतात. बोलताना ती रडत नव्हती. धाकटीसाठी आलेली थोरली रडत नाही, मला ठाऊक आहे.

मावशींनी अस्तर उलटलं. करडा धागा पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. मुलीला घरी पाठवलं आणि विचारलं, कुणाचा.

सांगितलं सगळं.

ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, धाग्याला माणूस कळत नाही गं, नुसतं माप कळतं. कुलूप कुणी लावलं हे तुझ्या बहिणीच्या धाग्याला काय ठाऊक? अंगात जो येईल, त्याला तो तेच देणार. आत्ता उसव. ते पोर सुटेल, तूही सुटशील. तोही सुटेल, त्याला इलाज नाही.

तोही सुटेल.

मी म्हटलं, माझा धागा, मीच उसवते. कोट घेऊन वर आले. कडी घातली. वर कुलूपही घातलं, मधेच कुणी यायला नको.

त्याच दिवशी, नंतर

ब्लेड चालतंय. निम्मी पाठ झाली. खोकल्यानं हात हलतो. निघालेला धागा बशीत घालून खिडकीत ठेवला.

चिमणी आली. एक करडा धागा चोचीत धरून गेली. छातीत काहीतरी सैल झालं. पूर्ण श्वास. वर्षभरानंतर पूर्ण श्वास. समोरच्या खिडकीत पोर उठून बसलंय, थोरली तिला पाणी पाजतेय.

मला रडू आलं. चांगलं रडू. मावशींना भूक लागली होती ती अशीच लागली असेल. खाली जाऊन जेवावं असं वाटलं. उद्याचा दिवस बघावा असंही —

हाक बारीक होत चाललीय. ताई — ताई — लांबून.

त्याच दिवशी, उशिरा नाही, ऊन आहे अजून

चार टाके उरलेत.

तो खिडकीत आलाय. लेकीच्या केसांवरून हात फिरवतोय. छाती भरून श्वास घेतोय, मला इथून दिसतंय. बेचाळीस इंच भरून.

मला हलकं वाटतंय. त्या हलकेपणाचाच राग येतोय. माझी धाकटी तिथे बंद दारामागे आणि मी हलकी?

पोर सुटलं. पोराशी माझं भांडण नव्हतं. चार टाके एका माणसाला पुरतील. नवा धागा ओवला, बाकीची पाठ पुन्हा शिवली, चार तसेच ठेवले, खांद्याजवळ. कोट आजच पाठवते. पोराच्या अंगावर घालू नका, असा निरोप देईन. एवढं देईन. मावशींना सांगेन, सगळा उसवला.

शिवण सरळ आलीय. खांदा कसा बसतो तेवढा बघून —

कोट अंगात आहे

बटणं निघत नाहीत मी कधी घातला हात आपोआप

मावशी दार ठोठावतायत. किल्ली कुठे ठेवली. टेबलावर नाही. खिडकी — बशी रिकामी

अठ्ठावीस

धूर कुठून

ती जवळ आलीय आता. ताई म्हणते. दार उघड म्हणते. या वेळी उचलला गं फोन, बघ, कॉलर ठेवून उचलला, आले, रडू नकोस, आलेच मी, उघड