मामांच्या कानाचा नमुना

७ जानेवारी

चि. पिटुकलीस मामाचे अ. आ. वि. वि.

पाठीवरचा चट्टा पुन्हा उमटलाय. वर्षभर गोळ्या खाल्ल्या, तरी कुष्ठरोगाचे जंतू मुक्काम हलवत नाहीत. मी गोळ्या चुकवल्या असं मामीला वाटतं. डॉक्टरांनीही तेच तीनदा विचारलं. एक काज वाकडं गेलं तर अख्खा सदरा उसवणारा शिंपी मी, गोळी चुकवीन? मामीनं बोलणं टाकलंय. ताट सरकवते आणि आत जाते.

आज कानाच्या पाळीला चीर देऊन जंतूंचा नमुना घेतला. तुझ्याच प्रयोगशाळेत येतोय म्हणे. नीट सांभाळ, कान दोनच आहेत.

लोभ उतू जाऊ दे.
तुझा मामा

१९ जानेवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

कान पोचला! जंतूंच्या जनुकांत बदल झालाय का, ते आम्ही पाहतो. झाला असेल तर औषध लागूच पडत नाही. निकालाला दहा-बारा दिवस लागतील.

एक विचारते, रागावू नका. खरंच एकही गोळी चुकली नाही ना? लहानपणी तापाच्या गोळ्या आपण दोघं खिडकीबाहेर टाकायचो, म्हणून विचारलं.

मामींना नमस्कार. माया आहे तशीच असू द्यावी.
पिटुकली

२४ जानेवारी

चि. पिटुकलीस,

तूसुद्धा? त्या गोळ्या तुझ्या होत्या. तू रडायचीस म्हणून टाकल्या. माझ्या मी घेतल्या.

आशीर्वाद आहेत, पण आज जरा कमी.
मामा

३१ जानेवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

निकाल आला. जनुकात बदल सापडला. तुमची मुख्य गोळी या जंतूंपुढे निकामी आहे. दुसरी औषधं मात्र चालतील. डॉक्टरांना आजच कळवलंय.

जंतू असे का झाले, गोळ्या चुकल्यानं की मुळातच, ते अहवाल सांगत नाही. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई म्हणाल्या, दुसऱ्याकडून येतानाच ते असे असू शकतात. तुमच्या बाजूनं साक्ष देईल असं यंत्र आमच्याकडे नाही, मामा. पण मला यंत्र लागायलाच नको होतं. तुम्ही सांगितलंत, तेव्हाच मानायला हवं होतं. चुकले. मामींनाही हेच वेगळं लिहिलंय.

राग सोडावा, लोभ ठेवावा.
पिटुकली

१२ फेब्रुवारी

चि. पिटुकलीस अ. आ. वि. वि.

नव्या गोळ्या सुरू झाल्या. तुझं पत्र मामीनं दोनदा वाचलं, घडी करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा पेला घेऊन मशीनपाशी आली आणि गोळी गिळेपर्यंत उभी राहिली. रोज येते. काल विचारलंच, की अजून भरवसा नाही का. तर म्हणाली, भरवसा आहे, पण तेवढ्या निमित्तानं दोन शब्द बोलता येतात.

मी हल्ली गोळी फार सावकाश गिळतो.

आशीर्वाद पूर्ववत, थोडे जास्तच.
तुझा मामा