मयत भावाची बंदूक माझ्या नावे करून मिळणेबाबत

प्रति,
मा. जिल्हादंडाधिकारी साहेब,
गोंदिया.

अर्जदार : उमेंद्र शालीकराम टेंभरे, धंदा शेती, मौजा बोरटोला, ता. तिरोडा, जि. गोंदिया.

विषय : माझा मोठा भाऊ मयत बकाराम याच्या नावचा पीक संरक्षणाचा बंदूक परवाना माझ्या नावे करून ठाण्यात जमा असलेली बंदूक मला देणेबाबत.

संदर्भ : १) मयत हयात असताना मी त्याच्याविरुद्ध केलेले तक्रार अर्ज.
२) माझी मागणी नामंजूर केल्याचे आपल्या कार्यालयाचे पत्र.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक सादर करतो की,

१. सदर बंदूक एकनळी असून ती आमचे वडील शालीकराम यांची होय. वडील वारल्यावर ती मोठ्या भावाच्या, म्हणजे बकारामच्या नावे झाली. तेव्हा मी नाहरकत लिहून दिली होती. ती मी राजीखुशीने दिली. माझ्या मनात तेव्हा काही नव्हते आणि नंतरही नव्हते. होते असे फक्त मयताची पत्नी शामकला म्हणते.

२. बंदूक त्याच्याकडे गेल्यापासून दर दसऱ्याला तिची पूजा त्याच्याच ओसरीवर होऊ लागली. पाटावर बंदूक, नळीला हळदकुंकू, आणि शेजारी हे महाशय फेटा बांधून बसलेले. गावचे लोक आधी त्याला सोने देत, मग उरलेली पाने माझ्या हातात कोंबत. मला कोणते काम होते, तर नारळ फोडण्याचे. बंदूक बापाची, बाप दोघांचा, आणि मी नारळ फोडणारा! साहेब, आपणच सांगावे, हा अपमान कोणी किती वर्षे गिळावा?

३. म्हणून मी तक्रार अर्ज केला. बकाराम दारू पिऊन बंदूक रोखतो व त्याच्यापासून माझ्या जिवास धोका आहे, असे त्यात नमूद केले. तो स्वतः दारू पीत नसे ही गोष्ट खरी, परंतु पिणाऱ्यांच्या पंगतीत बसत असे. बंदूक त्याने माझ्यावर रोखली नाही हेही खरे, परंतु रोखली असती तर मी काय करणार होतो? तहसीलसमोर बसणाऱ्या अर्जनविसाने मला सांगितले की जिवास धोका लिहिल्याशिवाय तक्रार कोणी वाचत नाही. मी त्याप्रमाणे लिहिले.

४. तक्रारीची रीतसर दखल घेण्यात आली, त्याबद्दल मी प्रशासनाचा ऋणी आहे. मागच्या वर्षी विधानसभेची आचारसंहिता लागली तेव्हा कोणाकोणाची शस्त्रे जमा करावी याची छाननी झाली, त्यात माझ्या तक्रारीमुळे बकारामचे नाव आले. तो स्वतः बंदूक धोतराच्या फडक्यात गुंडाळून सायकलवर ठाण्यात देऊन आला. धान तेव्हा लोंबीवर होता. निवडणूक संपल्यावर बंदूक परत मिळाली असती, परंतु मी आणखी एक अर्ज दिल्याने चौकशी चालू राहिली व बंदूक ठाण्यातच राहिली.

५. येथे आमच्या शेताची माहिती देणे आवश्यक आहे. माझी व बकारामची धानाची बांधी लागून आहे, मधे बांधाचा एकच धुरा. वडिलांच्या काळापासून धुऱ्यावर एक मचाण आहे. बकाराम जागलीला तिथे बसे आणि रानडुकरे आली की हवेत बार काढी. बार त्याचा, पण डुकरे दोघांच्याही बांधीतून पळत. ही बाब तक्रार लिहितेवेळी माझ्या ध्यानात आली नाही. वाटणी आमची झाली होती, डुकरांची नव्हती.

६. बंदूक गेल्यावर डुकरे आधी त्याच्या बांधीत शिरली, कारण जंगल त्याच्या अंगाला आहे. त्याने डबे बडवले, फटाके लावले. शेवटी तो माझ्या दारात आला व म्हणाला, "काऊन रे उमेंद्र, मी कधी तुह्यावर बंदूक रोखलो? अर्ज वापस घे न बावा, डुकरं पुरा धान खाऊन राहिले." मी त्यास कायदा सर्वांना सारखा असल्याचे समजावले. त्यावर तो म्हणाला, "मंग तार तरी दे." माझ्या पाण्याच्या मोटारीची जुनी तार पडून होती, ती मी माणुसकीच्या नात्याने दिली. तार कशाला पाहिजे हे मी विचारले नाही. लोकांच्या भानगडीत नाक खुपसण्याची मला सवय नाही.

(पुढील परिच्छेद आपण वाचावा, परंतु नोंदीवर घेऊ नये ही नम्र विनंती.)

७. त्याने ती तार बांधीच्या चारी बाजूंनी लावून तिच्यात शेतीच्या लाइनीचा करंट सोडला. आमच्याकडे शेतीची लाइन एक आठवडा रात्री व एक आठवडा दिवसा असते. रात्रपाळीच्या आठवड्यात तो संध्याकाळी तार जोडून येई व सकाळी लाइन गेली की गोळा करी. त्या सकाळी आठवडा पालटला होता. लाइन गेलीच नव्हती आणि तो तार काढायला गेला. लाइन पालटणार असल्याचे मला आदल्या दिवशीच कळले होते. परंतु माझ्या दारातून गेल्यापासून मयताने माझ्याशी बोलणे टाकले होते आणि आपणहून जाऊन सांगावे असा प्रसंग नव्हता, कारण मी तक्रारदार होतो. गुन्हा मयतावरच होता, तो मयत झाल्याने मिटला. मी सख्खा भाऊ या नात्याने डोके भादरले, खांदा दिला, तेरवीत पंगत वाढली. कोणत्याही कर्तव्यात मी कसूर केली नाही.

८. तेरवी आटोपताच मी बंदुकीसाठी अर्ज केला. मयतास अपत्य नाही. पत्नी शामकला हिची नाहरकत लागत होती. ती रडेल, भांडेल, चार लोक जमवेल, असे मला वाटले होते. तिने काहीच केले नाही. तिने कागद घेतला, सही केली व म्हणाली, "घ्या भाऊजी, तुमालेच पायजे होती ना."

९. आपल्या कार्यालयाने माझी मागणी नामंजूर केली. कारण असे की, या कुटुंबात बंदूक राहिल्यास जिवास धोका आहे असे मीच लेखी दिले आहे. तक्रार खरी असेल तर बंदूक या घरात देता येत नाही, आणि खोटी असेल तर खोटी माहिती देणाऱ्यास परवाना देता येत नाही. यावर माझे नम्र म्हणणे असे की, माझी तक्रार मयताच्या बाबतीत खरी व माझ्या बाबतीत लागू नाही अशी समजावी. हे शक्य नसल्यास ती त्या वेळेपुरती खरी होती असे धरावे. तेही शक्य नसल्यास मी ती परत घेतो. आता परत घेण्यास माझी कोणतीही हरकत नाही.

१०. यंदा मयताची बांधी शामकला स्वतः करते. धान झकास आहे, कारण तिने तीच तार पुन्हा लावली आहे. मी दिलेलीच ती तार. तारेच्या सांध्यांवर मी गुंडाळलेल्या लाल पट्ट्या मला लांबूनही ओळखू येतात. त्यामुळे सगळी डुकरे आता माझ्या बांधीत उतरतात. मला माझ्या शेतात जाण्यास त्या मधल्या धुऱ्याचीच वाट आहे, दुसऱ्या अंगाला नाला असून त्यास कमरेवर पाणी आहे. तार वाटेवरच आडवी आहे. ठाण्यात कळवावे, तर पहिला प्रश्न येईल की तार कोणाची. म्हणून मी कळवत नाही. माझा धान मी गावाच्या कडेवरून उभा राहून पाहतो. तो अर्धा आडवा झाला आहे.

११. लाइनीचे वेळापत्रक मी पाठ केले आहे. परंतु तार केव्हा जोडते व केव्हा काढते हे एकटी शामकला जाणते. मी विचारले असता ती म्हणाली, "मी कायले सांगू भाऊजी? तुमी कधी कोनाले सांगतले?" साहेब, मला भीती वाटते. हे मी आजवर कोणाला बोललो नाही, घरीसुद्धा नाही.

१२. तरी मेहेरबान साहेबांनी बंदूक माझ्या नावे करून द्यावी. बंदुकीने तारेचे काही होत नाही हे मला समजते. पण गावाच्या कडेवरून बार काढता आला तर निदान डुकरे तरी पळतील, मला त्या वाटेने जावे लागणार नाही. आता नगर परिषदेची निवडणूक येणार म्हणतात, त्याआधी निर्णय व्हावा.

१३. काल मी धुऱ्याच्या अलीकडे उभा होतो. शामकला मचाणावर बसली होती. तिने मला पाहिले आणि अगदी मायेने हाक मारली, "येऊन जा ना भाऊजी, तार बंद हाये." ती खरे बोलते की खोटे, हे ठरवून देण्याचा अधिकार कोणत्या कार्यालयास आहे, तेवढे कृपया उलट टपाली कळवावे.

निर्णय येईपर्यंत घराबाहेर न पडणारा,
आपला नम्र अर्जदार,
(सही)
उमेंद्र शालीकराम टेंभरे

ठिकाण : बोरटोला
दिनांक : १४/१०/२०२५

सोबत जोडले :
१) मयताचा मृत्यू दाखला.
२) शामकलाबाईची नाहरकत.
३) तारेचा नमुना जोडता आला नाही. तार वापरात आहे.