मागच्या सीटवर मी नव्हतो तेव्हा

१६ जाने., शुक्र.
न्हाई, आधी ऐकून घ्या. मागं बसणारा फुकट बसत न्हाई. तोपण पायडल मारतो. बसून बघितलंय का तुमी कधी डबल सायकलीवर? मग गप बसा.

सायकल दुरुस्तीवाल्या रफिकभाईनं दोन जुन्या सायकली कापून एक केली. पुढं हेमा, मागं मी. बायको पुढं कावून, हे गल्लीत सगळ्यांनी विचारून झालं. मागचं हँडल वळत न्हाई, नुसतं धरायला. मी तेबी धरत न्हाई. त्याच्यावर परीक्षेचा पॅड बांधला. ही वही ठेवायला.

रफिकभाई : "हात सोडून लिहिणार, आन पडलास की मला शिव्या देणार."
"शिव्या न्हाई. तुमच्यावर गोष्ट लिहीन."
"त्यापेक्षा शिव्या दे."

१७, शनि.
हे.ची ऑर्डर आली. नर्स. रत्नागिरीकडं, समुद्रकाठचा सरकारी दवाखाना. २७ ला हजर. आबांनी पेढे आणले, मग दुकानात जाऊन बसले. झेरॉक्सचं दुकान, बाप आन मी, दोघंच. तू काय करणार, असं मला कुणी विचारलं न्हाई. हे.नंबी न्हाई. मीबी बोललो न्हाई.

समुद्र दोघांनीबी बघितलेला न्हाई.
"उद्या दिवसभर धरणाच्या काठानं जाऊ," म्हणाली. "सराव."
"कशाचा?"
"समुद्राचा."

१८, रवि.
सकाळी सातला निघालो. भाकरी, ठेचा, दोन बाटल्या पाणी. घरात 'अहो', माजलगाव सुटलं की 'ए'. ऊस संपला आन पाणी लागलं. लई पाणी. पलीकडचा काठ धुक्यात.
"पलीकडं दिसत न्हाई ना? मग झाला समुद्र."
"समुद्रात मोटारी टाकून उसाला पाणी देत न्हाईत."
"पायडल मार."

तिची पाठ. घामाचा नकाशा. लिहीत होतो तेच, तेवढ्यात खड्डा, पॅड सुटला, वही खाली. चढ होता, सायकल चालण्याच्या चालीनं. टुणकन उतरलो. "थांब" म्हणालो, पण वारं समोरून. पुढं लगेच उतार, आन उतारावर मी हाय का न्हाई कळतच न्हाई. ती गेली.

सुटी पानं चिखलातून गोळा केली. चालत निघालो. काठाला एक मासेवाले काका, जाळं नीट करत.
"ती सायकलवाली तुमची का? एकटीच बोलत गेली."
"काय बोलत होती?"
"माझ्यासंगं येतो का म्हणं रत्नागिरीला. तिथंच राहू म्हणं. खरं काय ते सांग, मी रागावणार न्हाई म्हणं. मी हिकडं तिकडं बघितलं, दुसरं कुणीच न्हाई. मग म्हनलं, बाई, मला न्हाई जमायचं, घरी म्हशी हायत."
हसलो. मग झपाझप चाललो.

किलोमीटरभर पुढं, बाभळीखाली बसलेली.
"कुठं गेलतास?"
"वही पडली."
"मी बोलत होते."
"परत विचार की."
"रात्रभर मनात जुळवून एकदा विचारलं. परत न्हाई व्हायचं." भाकरीचं फडकं सोडत, "वही पडली तर उतरतोस. तेवढं कळलं."
मला बोलायला पाहिजे होतं. तोंडात भाकरी होती, हे काही कारण न्हाई. ठेचा तिनंच वाढला, जास्तीचा.
येताना मी दोन्ही हातांनी हँडल धरलं. तिला ते दिसणार कसं.

२१, बुध.
हे. पाटोद्याला आईकडं गेली. तिथूनच पुढं रत्नागिरी. आबांच्या पाया पडली. मला म्हणाली, "अहो, जेवत जा."

संध्याकाळी आबांना म्हनलं, मी गेलो तर दुकानाचं...
आबा : "झेरॉक्स मशीन काढतंय, तू न्हाई. मला कावून विचारतो? तिला विचार जा."

२३, शुक्र.
सकाळ. स्टँड. बॅगेत तीन शर्ट. बीडला बस बदलायची, मग पाटोदा.

ती परत विचारणार न्हाई. मग मीच विचारायचं. येऊ का? एवढंच, समोर उभं राहून, तिचं तोंड बघत. रविवारी मी दिवसभर पाठच बघितली. ती न्हाई म्हणाली तर... तिला तसा हक्क हाय.

फोन कर, असं सांगू नका. फोनवर ती 'बरं' म्हणती, आन 'बरं'चा अर्थ मला लग्नाच्या आठ महिन्यांत कळलेला न्हाई. उशीर झाला, हेबी सांगू नका. मला ते...

बीडची लागली. जागा धरायला पाहिजे. चाललो.