पाठीवरच्या नारिंगी डागाबाबत

प्रति,
मा. क्रीडांगण परवाना अधिकारी,
क्रीडा विभाग, नगर परिषद कार्यालय,
दुसरा मजला (बंद पंख्याखालील टेबल).

विषय : पेंटबॉल हा खेळ नाही, या आपल्या निर्णयास हरकत घेणे व आपण हात वर करणेबाबत.

संदर्भ : १) आपले नामंजुरीचे पत्र. २) आपला रुमाल.

महोदय,

जुन्या वीटभट्टीच्या जागेत पेंटबॉलचे मैदान चालविणारा अर्जदार नम्रपणे, पण जागचा न हलता, खालीलप्रमाणे कळवितो.

१. सदर खेळ साधा आहे. दोन गट, लपायला टायर व पिंपे, हातात हवेवर चालणारी बंदूक आणि तिच्यात पातळ रंगाच्या बोराएवढ्या गोळ्या. ज्याच्या अंगावर गोळी फुटली तो बाद. मात्र धावपळीत कोणाला कुठे लागली हे पंचाला दरवेळी दिसत नाही. म्हणून आमच्याकडे जुना दंडक आहे : ज्याला लागली त्याने स्वतः हात वर करायचा, "लागली" म्हणायचे आणि बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसायचे. हात वर झाला की त्याला कोणी एक शब्द बोलत नाही. रंग पुसून पुढे खेळत राहणे हा मात्र आमच्याकडचा एकमेव गुन्हा आहे. एका किराणा दुकानदाराने तो एकदा केला. त्याला आजही सगळे 'फडकं' म्हणतात. सासरची माणसेसुद्धा आता 'फडकंराव आले का' असेच विचारतात.

२. आपल्या पत्रातील पहिला आक्षेप असा, की सदर खेळात माणसे एकमेकांना मारतात, सबब तो हिंसक आहे. याबाबत अर्जदाराचे म्हणणे असे, की बुद्धिबळात हत्तीघोड्यांसकट अख्खे सैन्य कापले जाते, मेलेल्यांना डब्यात कोंबून वर झाकण लावले जाते, आणि त्या खेळास आपल्याच विभागाने तळमजल्यावर खोली दिलेली आहे. आमचे मेलेले निदान बाकड्यावर बसून चहा पितात.

३. या खेळात लोकांना काय गोडी वाटते, असेही आपण विचारले आहे. दाताचे डॉक्टर दर रविवारी येतात. आठवडाभर सारे गाव त्यांच्यासमोर आ वासून थरथरते. इथे तेच पेशंट त्यांना पिंपामागून हुडकून काढतात. डॉक्टर सांगतात, त्या दिवशी त्यांना झोप फार छान लागते. तसेच एका भिंतीवरून कोर्टात गेलेले दोन सख्खे भाऊ येतात, अर्थातच विरुद्ध गटांतून. थोरल्याने "लागली" म्हणून हात वर केला, की टायरामागून धाकटा विचारतो, "जोरात नाही ना लागली?" बाकी आठवडाभर त्या दोघांत एक अक्षर बोलले जात नाही. वकिलांनी दोघांनाही रविवारी मैदानावर न जाण्याचा सल्ला दिला आहे, यावरून खेळाचा गुण लक्षात यावा.

४. आता मुख्य मुद्दा. आपल्या पत्रात असे नमूद आहे, की "पाहणीदरम्यान खेळ चालू असता अधोस्वाक्षरीकर्ता मैदानात उभा होता, त्यास एकही गोळी लागली नाही, सबब सदर खेळात कौशल्य आढळून येत नाही." हे वाक्य अर्जदाराने उभ्याने वाचले, बसून वाचले, चष्मा नसताना शेजाऱ्याचा चष्मा लावून वाचले. वाक्य बदलले नाही.

५. वस्तुस्थिती अशी. आपण मास्क घातला, परंतु शर्टाला इस्त्री आहे म्हणून वरचा झगा नाकारला. खेळ थांबवू का, असे अर्जदाराने विचारले असता, चालू खेळच बघायचा आहे, असे आपण सांगितले. पुढे आपण टायर मोजण्यासाठी वाकलात. त्याच वेळी डाव्या खांद्याखाली गोळी फुटली. आपण जागच्या जागी उडी मारली व "आई गं" असे म्हणालात. हे उद्गार दोन्ही गटांनी ऐकले. त्यानंतर आपण हात वर केला नाही. आपण रुमाल काढला. स्वतःची पाठ स्वतःला पुसता येत नाही, म्हणून तो बरोबर आलेल्या लिपिकाकडे दिला. लिपिकाने चेहरा सरळ ठेवून पाठ पुसली, एवढी सरळ की त्याच्या डोळ्यांत पाणी आले. मग त्याच टायरांवर कागद ठेवून आपण प्रतिकूल शेरा लिहिलात आणि रुमाल तिथेच विसरून निघालात.

६. सबब नियमाप्रमाणे शेरा लिहितेवेळी आपण खेळातून बाद होतात. बाद खेळाडूने मैदानात केलेली कोणतीही कृती धरली जात नाही. त्याने झाडलेली गोळी धरत नाहीत, तर त्याने लिहिलेला शेरा कसा धरायचा?

७. ही गोळी अर्जदाराच्या आत्याने झाडली होती. आत्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली आहे. गुडघ्यांमुळे तिला पळता येत नाही. ती कोपऱ्यातल्या पिंपामागे खुर्ची टाकून बसते आणि येईल त्याला टिपते. मैदानावर तिला 'भिंत' म्हणतात. आपल्याआधी तिने टिपलेल्या प्रत्येकाने हात वर केलेला आहे. फडक्यानेही, थोडा उशिरा का होईना. आपले पत्र आले तेव्हा ते तिनेच मोठ्याने वाचले. वाचून झाल्यावर घडी घालून म्हणाली, "साहेब कशाला खोटं लिहितील? माझीच नजर गेली असेल."

८. त्या दिवसापासून आत्या मैदानावर आलेली नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नजर ठणठणीत असल्याचे सांगितले. ती म्हणते, डॉक्टर अजून लहान आहे. तिने सुईत दोरा ओवायला शेजारणीला बोलावणे सुरू केले आहे. मास्क ती कांदा चिरताना लावते. अर्जदाराने स्वतः तिच्यासमोर परसात उभे राहून "मार मला" अशी विनंती केली. तिने बंदूक हातातही घेतली नाही. उलट ताप आहे का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

९. सदर मैदान बंद करून तेथे वाहनतळ करण्याचे आपल्या विभागाने योजिले आहे, असे कळते. अर्जदार गेटसमोर खुर्ची टाकून बसेल. झगा घालून बसेल. पहिली गाडी आत घालायची तर ती अर्जदारावरून घालावी लागेल, आणि अर्जदाराला गाडी लागली तर अर्जदार हात वर करील. आमच्याकडे तशी पद्धत आहे.

१०. तरी मागणी एकच. येत्या रविवारी आपण मैदानावर यावे. आत्याला कसेही करून आणण्याची जबाबदारी अर्जदाराची. तिला फक्त पिंपामागच्या खुर्चीत बसवायचे आहे. आपण त्याच टायरांपाशी उभे राहून हात वर करावा व "लागली" एवढे म्हणावे. तिला ऐकू जाईल असे म्हणावे, कान तिचे खरोखरच थोडे गेले आहेत. मग बाकड्यावर बसून परवाना पुन्हा नाकारायचा असल्यास खुशाल नाकारावा. अर्जदार पुन्हा अर्ज करील, पण त्या रविवारी आपल्याला कोणी एक शब्द बोलणार नाही. चहा मिळेल.

आपण न आल्यास आपले नाव मैदानावर काय पडेल, हे अर्जदाराच्या हाती नाही. 'फडकं' हे नाव आधीच गेलेले आहे. 'रुमाल' अजून शिल्लक आहे.

आपला नम्र, व अद्याप बाद न झालेला,

(सही)
मैदानचालक

दिनांक : आपले पत्र मिळाल्यानंतरचा पहिला सोमवार

सोबत :
१. आपल्या नामंजुरीच्या पत्राची प्रत.
२. आपला रुमाल, नारिंगी डागासह. धुतलेला नाही. आत्याला अद्याप दाखविलेला नाही. गोळी लागल्याचे तिला रुमालावरून नव्हे, तुमच्या तोंडून कळावे, अशी इच्छा आहे.