जहाजाआधी एक फुल रन

१० जाने., शनि.
वाइडबँड बसला एकदाचा. टर्बोनंतरच्या पाइपला भोक, त्यात सेन्सर, डॅशबोर्डवर छोटा गोल मीटर. करावेला नानामामाच्या अंगणात एका बाजूला त्याची जाळी, मासेमारीची, दुसऱ्या बाजूला आमची गाडी. बाबांची जुनी हॅचबॅक. मी आणि अम्याने खोलून-जोडून टर्बो लावलाय, आता पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हीवर पळवायची. महिनाअखेर अम्या, माझा धाकटा भाऊ, नोकरीला जहाजावर जाणार. त्याआधी डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजायच्या रोलरवर, एक फुल रन, बास.

आई : "हे घड्याळ कसलं आणखी?"
म्हटलं, धुरात ऑक्सिजन किती उरला ते बघून सांगतं, इंजिनला इंधन पुरतंय का. १ म्हणजे बरोबर. वर गेलं म्हणजे इंजिन उपाशी. उपाशीपोटी टर्बोने जोर लावला की पिस्टन वितळलाच.
"मग तुमाला दोघांनापण लावा एक. चार वाजले, जेवायचा पत्ता नाय."

११ जाने., रवि.
लांबच्या पंपावरून इथेनॉल आणलं. सकाळी गाडी उठेचना. मामा ओट्यावरून, "खोकतंय कशाला गो? पानी पाजलंस काय तिला?" शेवटी उठली. अम्या किंचाळला, "ताई, सतरा! इथेनॉलला नऊ पायजे!" मीटर हवा-इंधनाचं प्रमाण पेट्रोलच्या आकड्यांत सांगत होता. लॅम्डावर टाकला, म्हणजे गरजेच्या किती पट हवा तेवढंच दाखवेल. इंधन कुठलंही असो, १ म्हणजे १.
पण १ नाही. १.१५. उपाशी.

१३ जाने., मंगळ.
प्लांटमधल्या ड्युटीवरून थेट करावे. आम्ही लॅपटॉपवर इंधन वाढवत गेलो, तरी मीटर १.१ च्या खाली येईना. प्लग मात्र काळेकुट्ट, डोळे चुरचुरतायत, ही तर इंधन जास्त झाल्याची खूण. म्हणजे इंधन जास्त की कमी??
अम्या : "सेन्सर डब्बा आहे. नवीन मागवू."
मी : "सेन्सर ठीक आहे. प्लांटमध्ये दिवसभर हेच करते मी."
"तुझा प्लांट वेगळा, ताई."
जेवायला अम्या ताट घेऊन आतल्या खोलीत, मी लॅपटॉपपुढे. आई खुशीत, तिला सिरियल शांतपणे बघता आली.

१४ जाने., बुध.
अम्याने तिळगूळ दिला. "गोड बोल आणि सेन्सर बदल."
सेन्सर काढून मोकळ्या हवेत तपासला. एकदम चोख. त्याला दाखवला, तर त्याचं लक्षच नाही. जहाजाच्या एजन्सीचा फोन आला होता. जॉइनिंग २२ ला! आठवडाभर आधीच. डायनोचा हा एकच रविवार हातात.

१५ जाने., गुरु.
प्लांटमध्ये ऑपरेटर म्हणाला, मॅडम, बॉयलरच्या धुरात ऑक्सिजन जास्त दाखवतोय. सवयीने बोलून गेले, "आधी गळती बघा, बाहेरची हवा शिरत असेल." आणि आमच्याच गाडीचा पाइप डोळ्यांपुढे आला.
संध्याकाळी थंड गाडीच्या सायलेन्सरमधून व्हॅक्युम क्लीनरची उलटी हवा सोडली, आईच्या भांड्यांच्या साबणाचं पाणी सांध्यांवर ओतलं. टर्बो आणि पाइप जुळतात तिथे बुडबुडेच बुडबुडे! बाहेरची हवा आत ओढली जात होती, सेन्सर बिचारा तीच मोजत होता.
"सॉरी म्हणणार नाय," अम्या.
"नको म्हणू. पाना दे."

१७ जाने., शनि.
त्या सांध्यात नवं गॅस्केट. मीटर थेट ०.८. म्हणजे इंजिनला आम्ही ठासून जेवायला घालत होतो. वाढवलेलं सगळं काढलं. १.००. मामानेच टाळी वाजवली.

१८ जाने., रवि.
तळोजा, डायनो. पहिला रन अम्याचा. रोलरवर गाडी गर्जत होती, मीटर ०.८० ला खिळलेला, जोर लावताना इंधन थोडं जास्तच लागतं, तसंच. मग म्हणाला, "ताई, तू बस." मी कायम लॅपटॉपवाली. बसले. पाय दाबला तो शेवटपर्यंत! ताकदीचा आकडा लिहीत नाही, नजर लागेल.
मग बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, वाढवला. वरच्या टोकाला ०.८४... ०.८८... ०.९२. पाय उचलला. इथेनॉल भसाभस लागतं, गाडीचा इंधनाचा पंप पुरत नाही.
"एकदाच अजून, ताई. प्लीज."
"नाय."
रुसला. चहा संपेपर्यंतच. मग स्वतःच म्हणाला, "वाचलं इंजिन."
पूर्ण बूस्टवरचा ठरलेला फुल रन मात्र राहिला. मोठ्या पंपाची ऑर्डर टाकली.

२२ जाने., गुरु.
अम्याला नव्या विमानतळावर सोडलं. आमच्याच गाडीने, हळू. कोचीला जहाज. आत जाताना, "पंप लावून ठेव. पण फुल बूस्ट मी आल्यावर हां."
म्हटलं, "आधी पंप येऊ दे."

२५ जाने., रवि.
पंप लावला, एकटीने. १.००, सुई हलत नाही. मामा : "आता वाट कोनाची बघतंस गो?"
डायनोवाल्याचा फोन. पुढच्या रविवारचा सकाळचा स्लॉट रिकामा झालाय, घेणार का? म्हटलं, सांगते.
अम्याला मेसेज टाकलाय, 'एकटीने करू का फुल रन?' अजून एकच टिक.