वगळलेल्या पानातली बायको

आई, परवा वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला चरित्रं वाचायची गोडी कुणी लावली?" आणि मी नेहमीप्रमाणे तुझं सांगितलं. गंगापूर रोडच्या पलीकडचा आपला मळा, पत्र्याची पडवी, तू मोगऱ्याचे गजरे करतेयस आणि मी शेजारी पोत्यावर बसून थोरामोठ्यांची चरित्रं मोठ्यानं वाचतेय. मुलींना हे फार आवडतं. एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. ते मी नीट बघून घेतलं आणि मग हजेरी घ्यायला लागले. तुला जाऊन आता बारा वर्षं होतील. एवढ्या वर्षांत हे चित्र मी इतक्यांना दाखवलंय की सांगताना कुठे थांबायचं आणि कुठे आवाज खाली आणायचा हेसुद्धा पाठ झालंय. त्यात खोटं काही नाही. फक्त जिथे थांबायला हवं त्याच्या बरंच आधी मी थांबते. आज पुढचं लिहायला बसलेय. महाविद्यालयाच्याच कागदावर लिहितेय, घरी वही शोधायला उठले असते तर पुन्हा बसले नसते.

तू दुसरीपर्यंत शिकलेली. बसची पाटी वाचायचीस, दुकानांची नावं वाचायचीस, पण पुस्तक हातात घेतलंस की ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरायचीस. हे तूच हसत हसत सगळ्यांना सांगायचीस. मी दहावीत असताना पडवीत बसून मराठीचा एक धडा मोठ्यानं पाठ करत होते. कुणा मोठ्या माणसाच्या लहानपणाचा धडा होता, नदी पोहून शाळेत जाण्याचा. धडा संपला तशी तू म्हणालीस, "आन मग? पुढं काय झालं त्याचं?" मी म्हणाले, धडा एवढाच आहे. तुला ते पटेना. एवढा जिवावर उदार होऊन शाळेत गेला आणि पुढचं सांगत नाहीत म्हणजे काय! मग मी वाचनालयातून त्या माणसाचं अख्खं चरित्र आणलं, आणि तिथून आपलं सुरू झालं. रोज दुपारी तीन ते पाच. अण्णा विहिरीवरच्या मोटारीकडे, तू टोपलीशी, आणि मी पुस्तकाशी. एकदा मी माझ्या आवडीची कादंबरी वाचायला घेतली तर तू दोन पानांत हात वर केलास. "हे बनवलेलं हाय ना? मग नको. नसलेल्या माणसांसाठी कुठं रडत बसायचं? खरं झालेलं वाच."

खरं झालेलं तू असं ऐकायचीस की मला आजही तसं वाचता येत नाही. दोन फुलं इकडे, दोन तिकडे, दोऱ्याचा फेर, गाठ, तुझे हात चालूच. पण गोष्टीतला माणूस घर सोडून निघाला, उपोषणाला बसला किंवा तुरुंगात गेला, की तुझे हात थांबायचे आणि प्रश्न यायचा, "घरी कोण व्हतं त्याच्या?" मी म्हणायचे, बायको असेल. "असंल नाय, पुस्तकात बघ." पुस्तकात बहुतेक वेळा नसायचंच काही. लग्न झालं याचं एक वाक्य, मुलं झाली याचं एक, आणि ती गेली याचं एक. तू मान हलवायचीस. "लय मोठा माणूस. पण निघताना बायकोला इचारलं नाय यानं." अशी तू एकेका महापुरुषाची बिनपाण्यानं करायचीस आणि मला हसू यायचं. तेव्हा मला वाटायचं, आईला मुद्दा कळत नाही. देशाचं काम चाललंय आणि हिचं लक्ष चुलीपाशी.

मग मी कॉलेजात गेले. नव्या मैत्रिणी झाल्या, त्यांची घरं शहरात, त्यांच्या आया मॅक्सी घालून दारात यायच्या आणि मला "काय घेशील?" विचारायच्या. मला चार वाजताच सायकल काढायची घाई. तेव्हा आपलं एक जाडजूड चरित्र चाललं होतं. गरीब मुलांसाठी वसतिगृह काढणारे, पुढे तुरुंगात गेलेले एक गृहस्थ. मी पानं गाळायला लागले. एखाददुसरं नाही, चिमटीत येतील तेवढी. तुझं लक्ष फुलांत असायचं, निदान मला तसं वाटायचं. दोन-चार दिवस निभावलं. मग ते गृहस्थ तुरुंगात गेले आणि तुझे हात थांबले. "आन बायको? ती कशी राहिली मागं?"

मी पुढचं पान बघितलं, त्याच्या पुढचं बघितलं. बायकोचा पत्ता नाही. मागे जाऊन गाळलेली पानं शोधायची तर मी पानं गाळली हे उघडं पडणार, शिवाय चारला दहाच मिनिटं उरलेली. तुझ्या हातांकडे बघत मी म्हणाले, "ती घरीच होती. तिनं परसात फुलझाडं लावली होती."

"आन मग?"

"मग ती फुलं देवळापाशी विकायची. त्याच्यावर तिनं वसतिगृहातली मुलं जगवली, तो सुटून येईपर्यंत."

तू गजरा मांडीवर ठेवलास. "असं लिवलंय पुस्तकात?"

"हो. हे काय." आणि मी एका ओळीवर बोट ठेवलं. कोणती ओळ होती, मला माहीत नाही. तू पुढे वाकलीस आणि माझ्या बोटाखालच्या त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिलीस. तुझ्या अंगाला मोगऱ्याचा आणि घामाचा वास येत होता. मग तू म्हणालीस, "बघ. एकानं तरी लिवलं." त्यानंतर पुस्तक संपेपर्यंत त्या बाईला जिवंत ठेवणं मला भाग पडलं. तू रोज तिची चौकशी करायचीस आणि मी रोज काहीतरी सांगायचे. तिला दम्याचा त्रास दिला, तो बरा केला, नवरा सुटून आला तेव्हा स्टेशनवर तिच्या हातात शेवंतीचा हार दिला. मला त्यात मजा वाटायला लागली होती, हेही सांगून टाकते. तू मात्र त्या बाईचं फुलबाजारातल्या सगळ्या बायकांना सांगत सुटलीस. पुस्तकात आलंय म्हणायचीस. माझी पोर वाचून दाखवती म्हणायचीस.

वाचनालयात त्या चरित्राच्या लेखकाचं व्याख्यान होतं. मी घरी बोलून बसले, आणि तू लगेच, "मी पण येती." मी नाना कारणं सांगितली. तू ऐकली नाहीस. त्या दिवशी तू ठेवणीतलं लुगडं नेसलीस आणि मळ्यातली चांगली शेवंती निवडून त्या गृहस्थांच्या फोटोसाठी हार केलास. वाचनालयाच्या पायऱ्यांवर माझ्या मैत्रिणी दिसल्या. तुझ्या हातात हाराची पिशवी, बोटं हिरवी पडलेली, आणि तू मोठ्यानं बोलणारी. मी कोपऱ्यावरच थांबले आणि म्हणाले, "तू पुढं जाऊन बस, तुला नीट ऐकू येईल. मी मागून येते, मैत्रिणींबरोबर बसते." तुझे कान माझ्याहून चांगले होते. तू माझ्याकडे एकदा बघितलंस, पदर सारखा केलास आणि एकटीच पुढे गेलीस.

व्याख्यान चांगलं झालं म्हणतात. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही, कारण प्रश्न विचारा असं म्हटल्याबरोबर पहिल्या रांगेतून तू उठलीस. "साहेब, तुमी लय चांगलं बोलले. पण त्यांच्या बायकोचं काय सांगितलंच नाय. ते आत व्हते तवा तिनं फुलं इकून बोर्डिंगातली पोरं जगवली. तिचं पण नाव घ्यायला पायजे व्हतं." तुझा आवाज ठाम होता. मळ्यात पाण्याच्या पाळीवरून भांडताना असायचा तसा. सगळे लेखकाकडे बघायला लागले. तो माणूस वाईट नव्हता. चष्मा काढून हळू आवाजात म्हणाला, "बाई, त्यांच्या पत्नी तर लग्नानंतर चार वर्षांतच वारल्या. वसतिगृह त्यानंतर निघालं. हे तुम्ही कुठे वाचलंत?"

मागून कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. मला उठता आलं असतं. नऊ-दहा पावलांचं अंतर होतं. उठून एवढंच म्हणायचं होतं की तिनं नाही, मी सांगितलं, मी बनवलं. मी खाली बघून पायातल्या चपलेचा अंगठा चाचपत राहिले. अध्यक्षांनी जरा चढ्या आवाजात विचारलं, "तुम्हाला वाचता येतं का?" आणि तू म्हणालीस, "मला कुठं वाचता येतं, साहेब. शेजारची एक पोर वाचून दाखवती. तिची काय चूक नाय. माझ्याच ऐकण्यात भलतं आलं असंल." मग तू खाली बसलीस. एकदाही मागे वळून बघितलं नाहीस.

बसमध्ये आपण शेजारी बसलो. मला वाटत होतं, आता विचारशील, आता रागावशील, आणि मी कारणं जुळवत होते. आपला थांबा जवळ आल्यावर तू विचारलंस, "कशानं गेली गं ती?" मी म्हणाले, "तापानं." ते पान मी तेव्हाही वाचलेलं नव्हतं. घरी येऊन चोरून काढलं. बाळंतपणात गेली होती, एकोणिसाव्या वर्षी, आणि बाळही गेलं. ते तुला मी कधीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन वाजता पुस्तक घेऊन पडवीत आले तर तू मान वर न करता म्हणालीस, "राहू दे आता. तुझी परीक्षा हाय." परीक्षेला पाच महिने होते. तू मला रागावली असतीस तर बरं झालं असतं, असं मी आज म्हणते. तेव्हा मला दोन तास मोकळे मिळाले आणि मी सायकल काढली. त्यानंतर तू मला कधी वाच म्हणाली नाहीस आणि मीही विचारलं नाही. दीड वर्षानं तुला कावीळ झाली आणि तू पंधरा दिवसांत गेलीस.

आता मळ्याच्या जागी इमारत आहे आणि मी शिकवते. चरित्र किंवा आठवणींचं पुस्तक हातात आलं की आधी मागची सूची काढते आणि त्या माणसाच्या बायकोला किती पानं मिळालीत ते बघते. त्यावर मी एक लांबलचक लेख लिहिला. तो गाजला, मला व्याख्यानांना बोलावतात, हार घालतात. तुझा प्रश्न घेऊन मी मोठी झाले आणि मुलाखतीत सांगितलं की ही दृष्टी मला अभ्यासातून आली. नंतर लाज वाटली, म्हणून तुझी पडवी सांगायला लागले. त्या सभागृहाचं मात्र फक्त नवऱ्याला सांगितलंय. तो म्हणाला, "आईनं तुला सांभाळून घेतलं." मी मान हलवली. तो म्हणाला, तूही लहान होतीस, घाबरली असशील. मी त्यालाही मान हलवली.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, त्यामुळे नवऱ्याला न सांगितलेलंही इथे लिहिता येईल. लोक हसत होते तेव्हा, तू 'शेजारची पोर' म्हणायच्या आधी, माझ्या मैत्रिणीनं मला कोपर मारून विचारलं होतं, "कोण गं ही?" मी घाबरले नव्हते, आई. मी तिच्याबरोबर हसले आणि म्हणाले, "कुणास ठाऊक. असेल कुणी फुलंवाली."