कणगीमागचा डबा

किन्हवली,
१ जानेवारी २०२६

सौ. हौसावन्सं यांना वैष्णवीचा नमस्कार.

तुम्ही आणि रघूभावोजी बरे असाल. आम्हीही बरे आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. वाल यंदा चांगला आलाय. तुमच्या भावाचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा चालू आहे. परवा येताना बसमध्ये उलटी झाली.

फोन तुम्ही उचलत नाही, आणि घरात बोललेलं सगळं ह्यांना ऐकू जातं. शेजारचे जैतूदादा म्हशाच्या जत्रेला बैल बघायला निघालेत, वाटेत तुमच्याकडे थांबतील, तर त्यांच्या हाती ही चिठ्ठी देते.

वन्सं, सरळ विचारते. तुमचं मन फिरलं का?

भाऊबीजेला ओवाळताना तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात की किडनी मी देणार. मी तुमच्या पाया पडले होते. मग डिसेंबरात डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला एकटीला आत घेतलं. वीस मिनिटं. मी घड्याळ बघत होते. बाहेर आलात ते डोळ्यांना पदर लावून. चहासुद्धा घेतला नाही, तशाच मुरबाडच्या गाडीत बसलात. आणि दोन आठवड्यांत एकोणतीस तारखेचं ऑपरेशन रद्द.

कारण काय, तर ह्यांच्या लघवीत जंतू निघाले. साधे नाहीत म्हणे, बहुतेक औषधांना दाद देत नाहीत. नवी किडनी अंगाने टाकून देऊ नये म्हणून नंतर अशी औषधं द्यावी लागतात की माणसाची रोगाशी झुंजायची ताकदच कमी होते. त्यात हे जंतू उसळले तर माणूस हाती लागायचा नाही, असं त्यांनी समजावलं. मी मान डोलावली. पण इतके दिवस नव्हते ते जंतू नेमके तुम्ही आत जाऊन आल्यावरच कसे निघाले? देणाऱ्याला नको असेल तर डॉक्टर त्याचं नाव फोडत नाहीत, दुसरं काहीतरी कारण सांगतात, असं तिथे बाकावर बसलेल्या एका बाईनेच मला सांगितलं. भावोजींना हे पहिल्यापासून पसंत नव्हतं, तेही मला ठाऊक आहे.

ह्यांना बोलले तर माझ्यावरच चिडले. म्हणाले, "ताईला काय बोलायचा नाय. तिचा जीव हाय, तिनं द्यावा नायतर नाय द्यावा."

ऑपरेशन रद्द म्हणून सांगितलं त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, घरी मनाने काही गोळ्या दिल्यात का. मी नाही म्हटलं. घरात माणूस आजारी म्हटल्यावर बाई दोन गोळ्या इकडच्या तिकडे करतेच, त्यात विचारण्यासारखं काय आहे?

हो की नाही, एवढंच कळवा. नाही म्हणालात तरी चालेल, पण आडून नको.

तुमची भावजय,
सौ. वैष्णवी भगीरथ


किन्हवली,
१४ जानेवारी

वन्सं,

जैतूदादा बैल न घेताच परतले. तुम्ही दिलेला खाजा आणि माझीच चिठ्ठी घेऊन आले. मागच्या कोऱ्या बाजूला तुम्ही पेन्सिलीने लिहिलेलं मी चुलीपुढे बसून वाचलं. आतापर्यंत कितीदा वाचलं, त्याला गणती नाही.

"वैष्णवी, डॉक्टरीणबाईंनी मला इचारलं, भावाला घरी गोळ्या कोन देतं. मी बोलले मला नाय माहीत. भाऊबीजेला सुपारी शोधताना कणगीमागं तुझा डबा मी बघितला होता गो. तुझं नाव कसं घेऊ? मी अजून तयार हाय. डबा घेऊन जा."

आता लपवून काय करू? मागच्या वर्षी ह्यांना पहिल्यांदा ताप आला तेव्हा दवाखान्यातून सात दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. उरलेल्या मी डब्यात ठेवल्या. पुढच्या वेळी तेच केलं. बियाण्याचं भात बाजूला काढल्याशिवाय कणगीला हात लावायचा नाही, हे तुमच्या आईंनी मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं. सगळं संपवायचं नसतं, थोडं राखायचं, हेच अंगात बसलं होतं. मग अंग गरम लागलं की दोन ह्या पाकिटातल्या, दोन त्या पाकिटातल्या द्यायचे. दवाखान्यात ताप कळला तर तारीख पुढे जाईल, ही धास्ती. तपासणीच्या सकाळीही दिल्या, मग आधी जंतू दिसणार कसे? ते दिवसाला अकरा गोळ्या घेतात, मी हातावर ठेवीन ती गिळतात. त्यांना कसं कळणार?

आणि बोट मी तुमच्याकडे दाखवलं.

सोमवारी डबा घेऊन गेले. डॉक्टरीणबाई रागावतील म्हणून आधीच रडले होते. त्या रागावल्या नाहीत. एकेक पाकीट टेबलावर मांडून नावं लिहून घेतली, कधी किती दिल्या ते विचारलं. आठवलं तेवढं सांगितलं. औषधं अर्धवट घेतली की तगलेले जंतू पुढे त्या औषधाला जुमानत नाहीत, म्हणाल्या. दवाखान्यातूनही असे जंतू चिकटतात, सगळं तुमच्याच हातून झालं असं नाही, असंही म्हणाल्या. ते मला खरं वाटलं नाही. एक इंजेक्शन अजून लागू पडेल असं वाटतंय. चौदा दिवस द्यायचं, मग पुन्हा तपासणी. तोवर तारीख नाही.

ह्यांना त्याच दिवशी सांगितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पण तेव्हापासून मी गोळी हातावर ठेवली की आधी गोळीकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि मग गिळतात. रोज अकरा वेळा.

तुम्ही आठ दिवस येऊन राहा. तुमच्या हातून ते न बघता घेतील.

डबा घासून पालथा घातलाय.

तुमच्यावर संशय घेणारी,
वैष्णवी